लांबची मुलं अभ्यासात का नाहीत? बालअपस्माराच्या संशोधकांना रावेर तालुक्यातून खुलं पत्र

प्रति,
औषधांना दाद न देणाऱ्या बालअपस्मारावर संशोधन करणारे डॉक्टर, त्या संशोधनाला मान्यता देणाऱ्या नीती समित्या आणि त्यासाठी पैसा देणाऱ्या सरकारी व खासगी संस्थांचे प्रमुख

सन्माननीय महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयातून आम्हाला फोन आला. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्सवर आहाराचा उपचार करून बघण्याचा एक अभ्यास तिथे सुरू व्हायचा होता आणि माझ्या मुलीचे कागद आम्ही पाठवले होते. फोनवरच्या ताई नीट बोलल्या. वय बसतं, आजार बसतो, आधी दिलेली औषधंही बसतात. "पण तुम्ही फार लांबून येता. लांबच्या मुलांचा फॉलोअप सुटतो, म्हणून या वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं घ्यायची नाहीत असं ठरलंय."

त्या रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. त्या ताईंनी त्यांना दिलेला नियम सांगितला. ठरलेल्या तारखांना तपासणीला येणं ज्यांना शक्य नाही त्यांना वगळायचं, ही अट इतर अभ्यासांच्या माहितीपत्रकांतही मी वाचली आहे. माझी तक्रार त्या अटीबद्दल आहे आणि ती तुम्हा सगळ्यांकडे आहे. खासगीत विनवण्या करून एका मुलीला आत घेतलं, तरी ती अट तशीच राहील. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे.

मी रावेर तालुक्यात राहते. घरची केळीची बाग आहे. मी बी.एस्सी. झाले आहे, बागेचा हिशेब आणि मुलीच्या फिट्सची वही, दोन्ही माझ्याकडे असतं. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा उशिरा रडली. पाचव्या महिन्यात झोपेतून उठली की तिला एक वेगळीच हालचाल व्हायला लागली. मान एकदम खाली, दोन्ही हात पुढे झेपावल्यासारखे, पोट आवळलेलं. क्षणभरच. मग सैल पडायची, की पुन्हा तेच. एका रांगेत वीस-पंचवीस वेळा, आणि रांग संपली की जोरात रडायची. आम्हाला सांगितलं गेलं की पोटात गॅस आहे. पुढे सांगितलं, दात येताहेत. पुढे, ही दचकरीच आहे. सासूबाईंनी दृष्ट काढली, शेजारणीने कांदा हुंगवायला सांगितला. तेवढ्या काळात ती हसायची थांबली. खुळखुळा वाजवला तर त्याच्याकडे बघेनाशी झाली. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, झाला तेव्हा कागद बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे केव्हापासून आहे?" आम्ही महिने सांगितले आणि ते गप्प झाले.

या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. विल्यम वेस्ट हे इंग्लंडमधले डॉक्टर. १८४१ साली त्यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून आपल्या तान्ह्या मुलाच्या अशाच झटक्यांचं वर्णन केलं आणि इतर डॉक्टरांकडे मदत मागितली. एका बापाने सगळ्यांसमोर लिहिलेलं ते पत्र होतं. एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनने हे झटके थांबू शकतात हे १९५८ मध्ये छापून आलं, म्हणजे उत्तर यायला शंभरावर वर्षं गेली. आज एसीटीएच आहे, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आहेत, व्हिगाबॅट्रिन आहे. उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी मुलाची पुढची वाढ बरी होते, हे ब्रिटनमधल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. एसीटीएचला फ्रिज लागतो आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पण प्रेडनिसोलोन? ती तर तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलवर मिळते आणि तिला फारसे पैसेही पडत नाहीत. माझ्या मुलीचे ते महिने गेले तेव्हा औषध हाकेच्या अंतरावर होतं. झटका ओळखणारं कोणी नव्हतं.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. झटक्यांचं रूप बदललं. आता उभी असताना ती एकदम कोसळते, म्हणून सायकलवाल्यांचं हेल्मेट घालून शाळेत जाते. व्हॅल्प्रोएट झालं, लेव्हेटिरासिटॅम झालं, क्लोबाझाम चालू आहे, टोपिरामेटने भूक मेली म्हणून बंद करावं लागलं. योग्य निवडलेली दोन औषधं योग्य मात्रेत देऊनही फिट थांबल्या नाहीत तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा, अशी व्याख्या तुमच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये केली. त्याआधी २००० साली ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी दाखवलं होतं की पहिल्या औषधाने निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या फिट थांबतात, दुसऱ्या-तिसऱ्या औषधाने आणखी थोड्यांच्या, आणि तिसरा हिस्सा तसाच राहतो. माझी मुलगी त्या तिसऱ्या हिश्शातली. अशा मुलांना नवीन उपचार मिळण्याची वाट बहुतेक वेळा संशोधनातूनच जाते, आणि त्या वाटेच्या तोंडाशीच आम्हाला थांबवलं गेलं.

आता तक्रारी सांगते.

पहिली त्या अटीचीच. ती का घालतात हे मला कळतं. मूल मधेच येईनासं झालं तर आकडे अधुरे राहतात, निष्कर्ष डळमळतो, आणि औषधाचा काही त्रास झाला तर मूल डोळ्यासमोर असावं लागतं. हे सगळं खरं आहे. पण अट घातल्यावर अभ्यास कोणाचा होतो? ज्यांचं घर रुग्णालयाजवळ आहे, ज्यांचा रोज बुडला तरी चूल पेटते, ज्यांच्या मुलाचं निदान लवकर झालं, त्यांचा. जन्मताना गुदमरलेली, पहिल्या दिवशी रक्तातली साखर उतरलेली, उशिरा निदान झालेली, वजनाने कमी असलेली मुलं बाहेर राहतात. भारतात वेस्ट सिंड्रोमच्या मोठ्या कारणांत हीच दोन कारणं आहेत, जन्मावेळचा गुदमर आणि नवजात बाळाची साखर उतरणं. म्हणजे ज्या मुलांना हा आजार जास्त होतो तीच चाळणीतून गळतात आणि मग उरलेल्यांचा निष्कर्ष 'भारतीय मुलांमध्ये' म्हणून छापला जातो. आम्ही तरी रेल्वेच्या मार्गावर आहोत. भुसावळला येऊन रात्रीची गाडी धरता येते. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव, मोलगीकडच्या पाड्यावरच्या आईने काय करायचं? तिला तर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यापर्यंत उतरायलाच अर्धा दिवस जातो.

केळीच्या बाबतीत असं होत नाही, हे इथे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. बागेवर करपा आला, कुकुंबर मोझॅक दिसला, तर शास्त्रज्ञ बांधावर येतात. पानं घेऊन जातात, शेतकऱ्याच्याच वावरात प्रात्यक्षिकाचा प्लॉट घेतात आणि एका ओळीला एक खत, दुसऱ्या ओळीला दुसरं घालून बघतात. टिश्यू कल्चरची रोपं आणि ठिबक आमच्या भागात अशीच रुजली. आधी कोणाच्या तरी शेतात दिसली, मग पसरली. प्रयोगशाळेत जमलेलं इथल्या उन्हात आणि इथल्या पाण्यावर जमतं का, हे बघणं त्या संशोधनाचाच भाग आहे. पिकासाठी जे करता, ते आमच्या लेकरांसाठी करा एवढंच मागते आहे.

दुसरी तक्रार आहाराबद्दल, आणि तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे. तो अभ्यास आहाराचाच होता आणि स्वयंपाकघरात रोज मीच उभी असते.

चरबी जास्त आणि पीठ-साखर अगदी कमी असा आहार, म्हणजे कीटोजेनिक आहार, दिला की फिट कमी होतात, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये सुचवलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातला अभ्यास २००८ चा आहे. १४५ मुलं होती. आहार घेतलेल्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून जास्त घटल्या, न घेतलेल्यांत फक्त ६ टक्क्यांच्या. आपल्या देशातलं कामही कमी नाही, उलट जगाने बघावं असं आहे. दिल्लीच्या एम्समध्ये सुधारित ॲटकिन्स आहारावर, म्हणजे त्याच आहाराच्या थोड्या सैल प्रकारावर, १०२ मुलांचा अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये छापला गेला. तीन महिन्यांनी आहारावरच्या ५२ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या, दुसऱ्या गटात साडेअकरा टक्क्यांच्या. कमी शिकलेल्या आईवडिलांना पाळता येईल असा सोपा केलेला आहार दिल्लीतच तपासला गेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं, कारण आमच्यासारख्यांचा विचार कोणीतरी केला होता. पुढे २०२० मध्ये तीन आहारांची तुलना छापून आली: कीटोजेनिक, सुधारित ॲटकिन्स आणि कमी ग्लायसेमिक, म्हणजे रक्तातली साखर हळूहळू वाढवणाऱ्या पदार्थांचा. चोवीस आठवड्यांनी फिट्समधली घट अनुक्रमे ६६, ४५ आणि ५४ टक्के, आणि दुष्परिणाम सर्वांत कमी कमी-ग्लायसेमिक आहाराचे. पाळायला जो सोपा, तो दुसऱ्या क्रमांकावर आला. गावाकडच्या आईसाठी यापेक्षा महत्त्वाची बातमी कोणती असेल?

आणि ती बातमी आमच्यापर्यंत आली कशी? एका झेरॉक्स तक्त्यावरून. पनीर, चीज, मेयोनीज, अंडी, बदाम, क्रीम. आमच्या घरात अंडं शिजत नाही. चीज तालुक्याला मिळतं, पण रोज कोणाला परवडतं? सुधारित ॲटकिन्समध्ये सुरुवातीला दिवसाला १० ग्रॅम कर्बोदकं धरतात. एका मध्यम केळात साधारण २५ ग्रॅम असतात. दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, एका भाकरीत त्याहून जास्त. ज्या घरात केळीचे घड पडलेले असतात आणि ताटात भाकरी असल्याशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही, त्या घरात एका लेकराला दोन्ही बंद करायचं आहे. भावंडं अंगणात केळ सोलतात तेव्हा तिला आत न्यावं लागतं. तक्ता बनवणाऱ्यांना हे दिसलेलं नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना दाखवलं कोणी?

मी वांग्याकडे वळले. आपलं भरीत. असोद्याकडचं हिरवं मोठं वांगं, भाजलेलं, त्यात भरपूर तेल, हिरवी मिरची, लसूण, मोजून शेंगदाणे. वांग्यात कर्बोदकं थोडी आणि ते तेल मागेल तितकं पितं. मला वाटतं या आहारासाठी खान्देशचं भरीत फार उपयोगी पडेल. बट्टी नाही चालणार, पण बट्टीवरचं तूप चालेल. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरीचा चतकोर कमी-ग्लायसेमिक आहारात बसतो का, हे कोणीतरी मोजायला हवं. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी मी विचारलं, तर सांगितलं गेलं की अपस्माराचा आहार शिकलेले आहारतज्ज्ञ इथे नाहीत, तुम्ही मुंबईला जा. देखरेखीशिवाय हा आहार घरी सुरू करू नये हे मला माहीत आहे. मुतखडा होऊ शकतो, वाढ खुंटू शकते, रक्ताच्या तपासण्या लागतात. म्हणून मी तो स्वतःहून सुरू केलेला नाही, आणि म्हणूनच अभ्यासात जागा मागितली होती. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी घरांचं ताट आमच्याहून वेगळं आहे. त्यांच्यासाठी तर असा विचार सुरूही झालेला नाही.

तिसरी तक्रार शस्त्रक्रियेची. ती थोडक्यात सांगते, कारण माझ्या मुलीला ती लागू आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. २०१७ मध्ये एम्सच्या डॉक्टरांचा ११६ मुलांवरचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांना फिट नव्हती, नुसत्या औषधांवरच्या मुलांत ७ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटातल्या एक तृतीयांश मुलांना गंभीर त्रासही झाले, हे त्याच लेखात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेलं. औषधांच्या गटातली मुलं शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत होती. ती यादी मुळात इतकी लांब होती म्हणूनच अशी तुलना करता आली. एखादी सात वर्षांची मुलगी वर्षभर रांगेत उभी राहते म्हणजे तिची पहिली-दुसरी गेली. आणि रांगेत उभं राहण्यासाठी आधी व्हिडिओ ईईजी, नीट काढलेला एमआरआय आणि तो वाचणारा माणूस लागतो. कोणाला पाठवायचं हे ठरवणारी पायरीच आमच्याकडे नसेल, तर खान्देशची मुलं त्या रांगेतही दिसणार नाहीत.

चौथी तक्रार मनाला जास्त लागलेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका अभ्यासाला होकार दिला होता, दुसऱ्याच एका ठिकाणी. पानापानांवर सह्या केल्या, मुलीचं रक्त दिलं, प्रश्नावली भरली. त्या अभ्यासातून काय निघालं हे आम्हाला कोणी कळवलं नाही. फोन केला तर ते डॉक्टर आता इथे नसतात असं उत्तर मिळालं. संशोधनाचा लाभ भाग घेणाऱ्यांपर्यंत आणि त्यांच्या समाजापर्यंत पोहोचला पाहिजे, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीती मार्गदर्शक तत्त्वांत आहे. औषधांच्या चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणं २००९ पासून बंधनकारक आहे. मी ती नोंदवही उघडते तेव्हा आधी केंद्राचं गाव बघते. पण नोंद इंग्रजीत, निष्कर्ष इंग्रजीत, आणि तो लेख वाचायचा तर बऱ्याचदा पैसे भरायचे. ज्या लेकराच्या रक्तावर तो लेख उभा आहे, त्याच्या आईला एक पान मराठीत पाठवायला किती खर्च येतो?

आणि तुम्ही मोजता काय, यावरही बोलायचं आहे. तुमच्या तक्त्यांत फिट्सची संख्या असते. ती असायलाच हवी. पण माझ्या वहीत इतरही रकाने आहेत: रात्री किती झोपली, शाळेतून मधेच घरी आणावी लागली का, पडल्यावर टाके पडले का, नवीन गोळीने चिडचिड वाढली का, 'आई' म्हणाली का. एका औषधाने तिच्या फिट निम्म्या झाल्या होत्या, पण दिवसभर ती झोपलेली असायची. तुमच्या हिशेबात ते यश धरलं गेलं असतं. आमच्या घरात कोणी तसं मानलं नाही.

यावर तुम्ही काय म्हणाल याची मला कल्पना आहे. पैसा कमी आहे, माणसं कमी आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी काम केलं तर दर्जा राहत नाही. पैशाचं उत्तर पैसा देणाऱ्यांनी द्यावं; हे पत्र त्यांनाही लिहिलं आहे. माणसांबद्दल बोलायचं तर धुळ्याला, जळगावला आणि नंदुरबारला, तिन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बालरोग विभाग आहेत, शिकणारी तरुण डॉक्टर मुलं-मुली आहेत. गावोगाव आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, आणि बहुतेक घरांत व्हिडिओ काढणारा फोन आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. म्हणजे खान्देशातून एखादी गोष्ट सुरू करता येते. जागतिक आरोग्य सभेने २०२२ मध्ये अपस्मार आणि मेंदूच्या इतर आजारांसाठी जो कृती आराखडा मंजूर केला, त्यात २०३१ पर्यंत अपस्माराचं निदान झालेल्या ८० टक्के रुग्णांना योग्य आणि परवडणारी औषधं मिळावीत असं लक्ष्य आहे. मोठ्या शहरांच्या वेशीवर थांबून ८० टक्के होणार नाहीत.

आमच्या मागण्या अशा आहेत.

अंतर हे मुलाला वगळण्याचं कारण असू नये. यापुढे बालअपस्माराच्या ज्या अभ्यासाला सार्वजनिक पैसा मिळेल, त्याच्या आराखड्यात लांबच्या मुलांसाठी सोय लिहिलेली असावी: मधल्या तपासण्या जिल्ह्यात, रक्त जिल्ह्यात, बोलणं फोनवर किंवा व्हिडिओवर, आणि मोठ्या केंद्रात यावं लागेल तेव्हा प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च. नीती समित्यांनी विचारावं, 'ही मुलं का वगळली?' आणि समाधानकारक उत्तर येईपर्यंत मान्यता देऊ नये.

खान्देशातल्या तीनपैकी निदान एका शासकीय महाविद्यालयाला अशा अभ्यासाचं केंद्र करा. ईईजीचं यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ, आणि आलेख दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे त्याच दिवशी पोहोचेल अशी व्यवस्था, एवढ्यापासून सुरुवात होईल.

तान्ह्या बाळांचे झटके ओळखण्यावर इथेच अभ्यास करा. आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना ती हालचाल दाखवा, आयांना फोनवर व्हिडिओ काढायला सांगा, तो व्हिडिओ बालमेंदूतज्ज्ञाकडे जाऊ द्या, आणि पहिला झटका ते पहिली गोळी यातलं अंतर किती दिवसांनी घटतं ते मोजा. नवीन औषध शोधण्याइतकंच हेही संशोधन आहे. माझं मत विचाराल तर आमच्या भागात याने जास्त मुलं वाचतील. जन्मताना बाळ गुदमरू नये आणि पहिल्या दिवशी साखर उतरू नये यासाठी काय केलं तर फरक पडतो, हेही याच कामात धरा.

आहाराचा अभ्यास दादर, कळणा, भरीत, तूप, शेंगदाणे आणि सातपुड्यातलं अन्न धरून करा. एक आहारतज्ज्ञ जिल्ह्यात तयार करा. तक्ता करताना आमच्या स्वयंपाकघरात बसा.

पाच मिनिटांपुढे गेलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा असतो. तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि अशा मुलाच्या घरी, शिकवून ठेवता येतो का हे तपासा. रावेरहून जिल्ह्याला पोहोचेपर्यंत पाच मिनिटं केव्हाच उलटलेली असतात. नेहमीची औषधं सरकारी दवाखान्यात किती वेळा संपतात आणि त्याने किती मुलांच्या फिट वाढतात, याचीही नोंद घ्या. गोळी अचानक बंद झाली की काय होतं हे तुम्हीच आम्हाला बजावलेलं आहे.

अभ्यास संपला की सहा महिन्यांत प्रत्येक घराला निकाल मराठीत कळवा. उपचार चालला नाही असा निकाल असला तरी कळवा. ज्या मुलाला अभ्यासातलं औषध लागू पडलं, त्याचं औषध अभ्यास संपला म्हणून बंद होऊ नये. हे आधीच लिहून द्या.

आणि काय शोधायचं, काय मोजायचं हे ठरवणाऱ्या समितीत किमान दोन पालक असावेत, त्यातला एक मोठ्या शहराबाहेरचा.

१७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी दरवर्षी भाषणं होतात, फलक लागतात. या वर्षी त्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला एक बैठक घ्यावी आणि वरच्या मागण्यांपैकी काय मान्य आहे, काय नाही आणि का नाही, हे लेखी द्यावं. बैठकीसाठी जागा आम्ही पालक बघू. ज्यांच्या घरी अशी मुलं आहेत अशा आईवडिलांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यातले बरेचजण फिट्सची वही ठेवतात, व्हिडिओ काढून ठेवतात, जुने ईईजी आणि औषधांच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या फाइलीत जपून ठेवतात. कोणत्या वयात सुरू झालं, निदानाला किती उशीर झाला, कुठे कुठे फिरलो, ही माहिती एका नमुन्यात भरून द्यायला आम्ही तयार आहोत. नमुना तुम्ही पाठवा, मराठीत. पावरीत आणि अहिराणीत समजावून सांगायला आमच्यातल्याच आया पुढे येतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक आई
ता. रावेर, जि. जळगाव